दुकान, लॉबी, प्रतीक्षालय: व्हिडिओ कलाकृती कशी दाखवावी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

कलादालनात येणारा माणूस पाहण्यासाठीच आलेला असतो. दुकानात, बँकेत, रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात किंवा कार्यालयाच्या लॉबीत असलेला माणूस दुसऱ्याच कामासाठी आलेला असतो, आणि त्या जागेत काम करणाऱ्यांना तीच कलाकृती दिवसाचे आठ-दहा तास, आठवडेच्या आठवडे, इच्छा असो वा नसो, सोबतीला ठेवावी लागते. हा फरक लक्षात न घेता बहुतेक जण आधी कलाकृती निवडतात, मग स्क्रीन आणतात आणि शेवटी ती कुठे लावायची याचा विचार करतात. पुढचे सगळे टप्पे जागेपासून सुरुवात करून दिले आहेत आणि तो क्रम मोडू नये, कारण जागा ठरल्याशिवाय कलाकृतीची लांबी, आवाज, स्क्रीनचा प्रकार आणि फाइलची मापे यांपैकी काहीच ठरवता येत नाही.

टप्पा १: घड्याळ घेऊन जागेवर बसावे

निवडलेल्या जागेवर किमान तीन वेगवेगळ्या वेळी, सकाळी, गर्दीच्या वेळी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर, प्रत्येकी एक तास बसावे. माणसे कुठून येतात, कुठे थांबतात, किती वेळ थांबतात आणि थांबल्यावर त्यांची नजर कुठे असते, हे लिहून काढावे. वाटेने चालत जाणारा माणूस एखाद्या भिंतीसमोर मोजके काही सेकंद असतो, रांगेतला माणूस काही मिनिटे असतो, आणि प्रतीक्षालयातला माणूस अर्धा तासही असू शकतो; पण प्रतीक्षालयातल्या माणसाला आपले नाव किंवा क्रमांक कधी पुकारला जाईल याचीही चिंता असते. ज्या फलकावर क्रमांक झळकतो त्याच्या शेजारी कलाकृती लावली, तर लोक दोन्हींवर वैतागतात.

याच बैठकीत प्रकाशही नोंदवावा. काचेच्या दर्शनी भागातून थेट ऊन कोणत्या वेळी कुठवर येते, छताच्या दिव्यांचे प्रतिबिंब नियोजित जागेवर पडते का, आणि रात्री बाहेरून पाहिल्यास काय दिसते, याची प्रत्येक तासाची छायाचित्रे घ्यावीत. विजेचा सॉकेट कुठे आहे, तो रात्री मुख्य स्विचबरोबर बंद होतो का, आणि तिथपर्यंत केबल कोणाच्याही पायात न येता कशी नेता येईल, हेही त्याच दिवशी पाहावे.

इशारा: अग्निशमन उपकरण, आपत्कालीन दार किंवा दिशादर्शक फलक झाकला जाईल अशी जागा कितीही आकर्षक वाटली तरी सोडून द्यावी. रस्त्याकडे तोंड करून हलती चित्रे लावायची असतील, तर वाहनचालकांचे लक्ष विचलित होण्याच्या प्रश्नावर स्थानिक यंत्रणेची परवानगी लागू शकते. ती चौकशी स्क्रीन आणण्यापूर्वी करावी.

टप्पा २: जागेला पेलणारी कलाकृती निवडावी

आता मघाची नोंदवही उघडावी. जिथे माणूस आठ सेकंद थांबतो तिथे वीस मिनिटांची, सुरुवात-मध्य-शेवट असलेली कलाकृती लावणे म्हणजे तिचा एकही प्रेक्षक न मिळण्याची व्यवस्था करणे होय. अशा ठिकाणी कोणत्याही क्षणी पाहिली तरी आपल्यापुरती पूर्ण वाटणारी, संथ बदलणारी कलाकृती टिकते. कथनप्रधान काम रांग किंवा बसण्याची सोय असलेल्या ठिकाणीच न्यावे. संवाद असतील तर उपशीर्षके हवीत, आणि ती नियोजित अंतरावरून वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत हवीत. संगणकावर स्पष्ट दिसणारे अक्षर सहा मीटरवरून ठिपक्यांसारखे दिसते.

झगमगाटाची तपासणी सक्तीची समजावी. वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा झगमगाट होऊ नये असे सांगतात, आणि गडद लाल रंगाच्या झगमगाटाबाबत विशेष सावध करतात. १९९७ मध्ये जपानमध्ये टीव्हीवरील एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. कलादालनाच्या दाराशी सूचना लावता येते आणि प्रेक्षक परत फिरू शकतो. सार्वजनिक जागेत त्याला ती सवलत नसते. म्हणून इथे सूचनाफलक पुरेसा नाही, अशी कलाकृती निवडूच नये. नग्नता, हिंसा किंवा दुःखद प्रसंग यांबाबतही हाच विचार लागू होतो, विशेषतः रुग्णालयात.

यापुढची कसोटी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत कमी वापरली जाते. निवडलेली कलाकृती लूपवर, म्हणजे संपताच पुन्हा सुरू होईल अशी, लावून आपण स्वतः सलग चार तास त्याच खोलीत दुसरे काही काम करावे. तिसऱ्या तासाला ती बंद करावीशी वाटली, तर काउंटरवरच्या माणसाला ती दुसऱ्या दिवशीच बंद करावीशी वाटेल, आणि तो ती करेल. तीन मिनिटांचा लूप दहा तासांत दोनशे वेळा फिरतो, हे गणित निवड करताना समोर असावे.

टप्पा ३: लेखी परवानग्या

परवानगी किमान दोन बाजूंची लागते: कलाकाराची आणि जागेच्या चालकाची. भाड्याच्या जागेत मूळ मालकाचीही लागते. कलाकृतीत इतरांचे संगीत असेल, तर कलाकाराने ते केवळ प्रदर्शनांपुरते घेतले आहे की व्यावसायिक जागेतील सादरीकरणासाठीही, हे स्पष्ट विचारावे. कलाकृतीची एखादी प्रत विकत घेतलेली असली, तरी ती सार्वजनिक जागेत दाखवण्याचा हक्क त्यासोबत आपोआप येत नाही.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती तास, आवाजासह की आवाजाविना, मानधन किती आणि केव्हा, उपकरण बिघडल्यास खर्च कोणाचा, आणि काम संपल्यावर फाइलींचे काय करायचे. सर्वाधिक भांडणे मात्र ज्या मुद्द्यावर होतात तो बहुधा लिहिलेलाच नसतो: स्क्रीनच्या कोपऱ्यात दुकानाचे चिन्ह, खाली सरकत जाणारी सूचनापट्टी किंवा मध्येच जाहिरात चालेल का? उत्तर काहीही असो, ते करारात लिहावे.

जाहिरातींसाठीच उभारलेली स्क्रीन वापरायची असेल, तर ‘जमेल तेव्हा दाखवू’ या आश्वासनावर अवलंबून राहू नये, ठरावीक वेळ मागावी. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २०१२ पासून रोज रात्री ११:५७ ते १२ ही तीन मिनिटे जाहिरात-स्क्रीन कलाकृतींना दिली जातात. वेळ इतकी लहान पण इतकी निश्चित असल्यामुळे ती पाहायला मुद्दाम येता येते. जाहिरातींच्या फेऱ्यात विखुरलेली दहा-दहा सेकंदे मिळून कितीही मोठी भरली, तरी त्यांतून कलाकृती दिसत नाही.

टप्पा ४: स्क्रीन की प्रोजेक्टर

प्रोजेक्टर घेण्याचा मोह उजेड असलेल्या जागेत आवरावा. गणित साधे आहे. चार मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच चित्राचे क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर होते; ४५०० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे एकूण प्रकाश) प्रोजेक्टर त्यावर सुमारे ५०० लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवरचा प्रकाश) प्रकाश टाकतो. भिंतीवर दुकानाच्या दिव्यांचाच ५०० लक्स प्रकाश असेल, तर चित्रातला पांढरा भाग १००० आणि काळा भाग ५०० लक्सचा राहतो, म्हणजे काळा रंग करडा होतो आणि चित्र धुऊन निघते. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. भिंत जितकी उजळ, तितकाच त्याचा काळा उजळ. दिवे खरोखर मंद करता येत असतील किंवा प्रदर्शन रात्रीच असेल, तरच त्याचा विचार करावा, आणि मग प्रोजेक्टरपासून भिंतीचे अंतर आधी मोजावे. माहितीपत्रकातील थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल, तर चार मीटर रुंद चित्रासाठी सहा मीटर अंतर लागते, आणि त्या सहा मीटरमधून कोणी चालत जाणार असेल तर सावली पडणारच.

घरगुती टीव्हीची उजळता साधारणतः २५० ते ३५० निट्स असते आणि तो दिवसाचे काही तास चालवण्यासाठी बनवलेला असतो. व्यावसायिक वापरात त्याची वॉरंटी अनेकदा लागू होत नाही. व्यावसायिक स्क्रीनवर रोज १६ तास किंवा २४ तास चालण्याची क्षमता नमूद केलेली असते आणि आतल्या उजेडासाठी ५०० ते ७०० निट्स पुरतात. ऊन येणाऱ्या काचेमागे मात्र २५०० निट्स किंवा त्याहून उजळ स्क्रीन लागते. ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देणाऱ्या) स्क्रीनवर काळा रंग सुंदर दिसतो, पण चित्राचा एखादा भाग तासन्‌तास स्थिर असेल तर त्याचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो; लांब लूपसाठी ती टाळणे शहाणपणाचे.

एलईडी भिंतीबाबत (छोट्या एलईडी दिव्यांनी बनलेल्या मोठ्या पडद्याबाबत) दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, पिक्सेल पिच, म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांमधले अंतर: ढोबळमानाने जितके मिलिमीटर पिच तितके मीटर अंतर पाहणाऱ्याने ठेवायला हवे, म्हणजे ४ मिलिमीटर पिचची भिंत दोन मीटरवरून ठिपक्यांची दिसते. दुसरी, भिंतीचे नेमके पिक्सेल-माप. हे माप नेहमीच्या चित्रचौकटीशी क्वचितच जुळते, आणि ते न विचारता पाठवलेली फाइल एकतर कापली जाते किंवा ताणली जाते.

तपासणी: स्क्रीन मागवण्यापूर्वी तिच्या मापाचा पुठ्ठा भिंतीवर चिकटवावा आणि टप्पा १ मध्ये ज्या ज्या जागी माणसे थांबत होती तिथून पाहावे. उभ्या प्रेक्षकासाठी चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर ठीक असतो. समोर गर्दी उभी राहत असेल तर तो वर न्यावा लागतो.

टप्पा ५: फाइल तयार करावी

स्क्रीनचे माप कळल्यावरच फाइल मागवावी. बहुतेक प्लेअर (फाइल चालवून स्क्रीनला चित्र देणारी उपकरणे) एमपी४ स्वरूपातील एच.२६४ (व्हिडिओ लहान करून साठवण्याची प्रचलित पद्धत) फाइल विनातक्रार चालवतात. १९२० × १०८० मापासाठी प्रति सेकंद १५ ते २५ मेगाबिट हा बिटरेट (दर सेकंदाच्या चित्रासाठी लागणारी माहिती) पुरेसा असतो. २० मेगाबिटने दहा मिनिटांची फाइल सुमारे दीड जीबी होते. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या साठवण-स्वरूपात असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि याच बिटरेटला ही मर्यादा सुमारे २८ मिनिटांवर गाठली जाते. तेव्हा एक्सफॅट हे स्वरूप वापरावे आणि प्लेअर ते वाचतो की नाही ते आधी पाहावे.

पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरताना, चित्र अडखळते ही तक्रार जवळजवळ नेहमी फ्रेमरेटची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या, म्हणजे फ्रेमच्या, संख्येची) असते. प्रति सेकंद २५ फ्रेमची कलाकृती ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या आउटपुटवर) चालवली, तर काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा दाखवाव्या लागतात. प्लेअरचे आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवले की प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि अडखळणे थांबते. फाइल दुसऱ्या फ्रेमरेटमध्ये रूपांतरित करणे हा यावरचा उपाय नव्हे.

जुन्या ४:३ चौकटीच्या कलाकृती रुंद स्क्रीनवर ताणू नयेत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. जागेचा चालक ‘स्क्रीन भरून दिसू द्या’ असे हमखास म्हणेल, म्हणून हा मुद्दाही करारातच असलेला बरा.

टप्पा ६: प्लेअर आणि केबल

स्क्रीनमध्येच पेन ड्राइव्ह लावून चालवणे सर्वांत सोपे, आणि सर्वांत जास्त वेळा फसणारे. अनेक टीव्ही लूपच्या शेवटी क्षणभर काळे पडतात, फाइलचे नाव झळकवतात किंवा वीज जाऊन आल्यावर मुख्य मेनूवर थांबतात. वीज आली की आपोआप सुरू होणारा आणि खंड न पडता लूप करणारा स्वतंत्र प्लेअर वापरावा. संगणक वापरणे भाग असेल, तर स्क्रीनसेव्हर, स्लीप, सूचना आणि स्वयंचलित अपडेट हे चारही बंद करावेत. भर दुपारी अपडेटची खिडकी कलाकृतीच्या मध्यभागी तासभर उभी राहिलेली मी पाहिली आहे, आणि ती हटवण्यासाठी लागणारा माउस कुलूपबंद कपाटात होता.

प्लेअर आणि स्क्रीन जोडणारी साधी एचडीएमआय केबल ४के (अतिसूक्ष्म) चित्रासाठी पाच मीटरच्या आसपासपर्यंत भरवशाची असते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय किंवा नेटवर्क केबलवरून संकेत नेणारी एचडीबेसटीची जोडी घ्यावी. एचडीएमआय-सीईसी (एका उपकरणाने दुसऱ्याला चालू-बंद करण्याची) ही सोय दोन्ही उपकरणांत बंद करावी, अन्यथा रात्री स्क्रीन बंद झाली की ती प्लेअरलाही झोपवते आणि सकाळी फक्त ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे उठतात.

तपासणी: दिवसातून पाच वेळा भिंतीवरील स्विच बंद-चालू करावा. पाचही वेळा रिमोटला हात न लावता कलाकृती सुरू झाली, तरच पुढे जावे. याच वेळी स्क्रीन आधी आणि प्लेअर नंतर, तसेच प्लेअर आधी आणि स्क्रीन नंतर, असे दोन्ही क्रम तपासावेत. अनेक जोड्या यांपैकी एकाच क्रमाने चित्र देतात.

टप्पा ७: स्क्रीनच्या सेटिंग्ज

दुकानातून आलेली स्क्रीन दुकानात उठून दिसण्यासाठी रंगवलेली असते. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड काढून ‘सिनेमा’ किंवा तत्सम मोड निवडावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, नॉइज रिडक्शन, अतिरिक्त शार्पनेस, परिसरातील उजेडानुसार बदलणारी ब्राइटनेस, ऊर्जाबचत आणि काही तासांनी आपोआप बंद होण्याची सोय, हे सगळे एकेक करून बंद करावे. ओव्हरस्कॅनमुळे (चित्र थोडे मोठे करून दाखवण्याच्या सोयीमुळे) चित्राच्या कडा कापल्या जातात, म्हणून चित्राचे माप ‘मूळ’ किंवा ‘स्क्रीन फिट’ यावर ठेवावे. सगळे जमल्यावर प्रत्येक मेनूचे छायाचित्र काढून ठेवावे. कोणीतरी कधीतरी फॅक्टरी रीसेट करणारच आहे.

टप्पा ८: आवाज

सामायिक जागेत आवाजाविना चालणारी कलाकृती हाच पहिला पर्याय असावा. आवाज आवश्यकच असेल, तर तो ऐकू येण्याचे क्षेत्र लहान ठेवावे: डोक्यावर लावलेला दिशादर्शी स्पीकर किंवा हेडफोन. हेडफोन लावल्यास त्यांची रोजची स्वच्छता कोणी करायची तेही ठरवावे. जागेत आधीच पार्श्वसंगीत वाजत असेल, तर दोन्ही आवाज एकत्र चालवू नयेत, कारण अखेरीस कोणीतरी कलाकृतीचाच आवाज शून्यावर नेतो आणि कलाकाराला ते उद्घाटनाच्या छायाचित्रांतून कळत नाही.

टप्पा ९: बसवणे आणि फलक

भिंत विटांची आहे की पोकळ पार्टिशन, यावर खिळे आणि अँकर ठरतात. पार्टिशनवर जड स्क्रीन केवळ स्क्रूच्या भरवशावर टांगू नये. स्क्रीनच्या मागील छिद्रांचे व्हेसा माप आणि ब्रॅकेटची वजनक्षमता जुळवावी, गरम हवा बाहेर जाण्यासाठी सभोवती मोकळी जागा ठेवावी, आणि मुलांच्या हाती लागतील अशा उंचीवर केबल लोंबू देऊ नये.

फलकावर कलाकाराचे नाव, शीर्षक, वर्ष आणि कालावधी एवढे पुरे. तो स्क्रीनच्या उजेडात वाचता यावा. फलक नसेल तर लोक कलाकृतीला बिघडलेली जाहिरात समजतात, आणि तसे समजण्यात त्यांची चूक नसते.

टप्पा १०: जागेवरील माणसांकडे सोपवणे

स्क्रीन बिघडल्यामुळे जितकी प्रदर्शने बंद पडतात, त्याहून जास्त कोणीतरी ती बंद केल्यामुळे पडतात. तेव्हा व्यवस्थापकाची सही झाली म्हणजे काम झाले असे न मानता, जो माणूस सकाळी शटर उघडतो, जो रात्री दिवे मालवतो आणि जो दुपारी त्या स्क्रीनसमोर बसतो, त्या तिघांना प्रत्यक्ष भेटावे. कलाकृती काय आहे, ती का लावली आहे आणि ग्राहकाने ‘हे काय चालू आहे’ असे विचारले तर काय सांगावे, हे त्यांना दोन मिनिटांत सांगावे. हा प्रश्न त्यांना रोज विचारला जातो. उत्तर नसेल तर ते अवघडतात, आणि अवघडलेला माणूस स्विच शोधतो.

त्यांच्यासाठी एका पानाची सूचना मोठ्या अक्षरांत छापून प्लेअरजवळ चिकटवावी: चालू कसे करायचे, बंद कसे करायचे, चित्र न दिसल्यास प्रथम काय पाहायचे, आणि तरीही न जमल्यास कोणाला फोन करायचा. क्रिकेटचा सामना किंवा बातम्या लावण्याची मागणी होणार असेल, तर त्याचा नियमही इथेच ठरवावा. पूर्ण बंदीपेक्षा ‘अमुक वेळेनंतर चालेल’ असा नियम पाळला जातो. रिमोट एकाच व्यक्तीच्या ताब्यात द्यावा.

इशारा: मेमरी कार्डावर चालणारे काही प्लेअर थेट वीज तोडल्यास कार्ड खराब करतात. आपला प्लेअर त्यांपैकी असेल, तर रात्रीच्या बंद करण्याच्या क्रमात त्याचा वेगळा उल्लेख करावा, आणि त्याच फाइलींचे दुसरे कार्ड लिफाफ्यात घालून जागेवरच ठेवावे.

टप्पा ११: आठवडाभर गुपचूप चालवणे, मग उद्घाटन

उद्घाटनाच्या दिवशी स्क्रीन बसवणे ही या सगळ्या कामातील सर्वांत महागडी घाई आहे. किमान एक आठवडा आधी ती चालू करावी आणि रोज वेगवेगळ्या वेळी, न सांगता, जाऊन पाहावे. पहिल्या तीन दिवसांत तांत्रिक अडचणी वर येतात. माणसांच्या तक्रारी पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू होतात, आणि त्यांपैकी बऱ्याचशा ब्राइटनेस थोडी कमी करून किंवा लूपच्या दोन फेऱ्यांमध्ये मिनिटभराचा शांत काळा पडदा ठेवून मिटतात. असा विराम घालण्यापूर्वी कलाकाराला विचारावे.

प्रदर्शन सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा भेट पुरते. प्रत्येक भेटीत तारीख, वेळ, चित्र चालू होते का आणि फलक जागेवर होता का, एवढे चार रकाने भरावेत. मानधन किंवा कालावधीवरून पुढे मतभेद झाल्यास ही वही उपयोगी पडते.

टप्पा १२: उतरवणे

शेवटच्या दिवशी आधी प्लेअर काढावा, मग स्क्रीन. प्लेअर, पेन ड्राइव्ह आणि लिफाफ्यातील जादा कार्ड यांवरील फाइली पुसून कलाकाराला तसे लेखी कळवावे. स्क्रीन जागेच्या चालकाचीच असेल, तर टप्पा ७ मध्ये बदललेल्या सेटिंग्ज पूर्ववत कराव्यात, विशेषतः आपोआप बंद होण्याची आणि ऊर्जाबचतीची सोय. भिंतीतील छिद्रे बुजवून रंग लावावा आणि रिमोट ज्याच्याकडून घेतला त्याच्याच हातात परत द्यावा.